जवळचा की लांबचा?

दिलसुखनगरात राहून बरीच वर्षं झाली, पण पालपिट्टा मी पहिल्यांदा नीट पाहिला तो गेल्या दसऱ्याला. पालपिट्टा म्हणजे आपला नीलपंख. हा तेलंगणाचा राज्यपक्षी, आणि दसऱ्याला त्याचं दर्शन झालं तर वर्ष चांगलं जातं अशी इथल्या लोकांची श्रद्धा. शेजारच्या अक्का मला वनस्थलीपुरमच्या बाजूला घेऊन गेल्या. तारेवर एक मातकट पक्षी बसला होता. तो उडाला आणि पंखांतली निळाई अशी उघडली की माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी मोबाइल काढून भराभर फोटो घेतले. घरी येऊन ते मोठे करून पाहिले, तर तारेवर एक ठिपका, आणि तोही निळा नव्हता. त्या संध्याकाळी ठरवलं की आता खरा कॅमेरा घ्यायचा. बटण दाबलं की फोटो निघतो, एवढंच मला कॅमेऱ्याबद्दल माहीत होतं.

दिलसुखनगरहून मेट्रोने उस्मानिया मेडिकल कॉलेज स्थानकावर उतरलं की कोठी आली. हैदराबादेत इलेक्ट्रॉनिक वस्तू शोधायला माणूस तिकडेच वळतो. दुकानात गेले आणि सांगितलं, चांगला कॅमेरा दाखवा. दुकानदारांनी विचारलं, "आपकू नजदीक का होना, या दूर का?" मला वाटलं, चांगला कॅमेरा दोन्ही करत असेल. त्यांनी काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले. एक मुठीत मावणारा, दुसऱ्याचं भिंग पुढे आलेलं आणि धरायला जाडसर मूठ. पहिल्याला ते कॉम्पॅक्ट म्हणाले, दुसऱ्याला सुपरझूम. भिंगावर ६५एक्स लिहिलेलं पाहून मी विचारलं, म्हणजे पासष्टपट लांबचं दिसतं का? त्यांनी शांतपणे समजावलं. भिंगाचं सर्वांत जास्त नाभीय अंतर भागिले सर्वांत कमी नाभीय अंतर, म्हणजे हा एक्स. कॅननच्या एसएक्स७० एचएसमध्ये ते २१ मिलिमीटरपासून १३६५ पर्यंत जातं, १३६५ भागिले २१ म्हणजे ६५. हे आकडे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या मापात सांगायची पद्धत आहे. तेव्हा किती लांबचं टिपता येईल हे बघायचं असेल तर एक्स सोडून द्यायचा आणि शेवटचा मिलिमीटर वाचायचा. काही न घेता परत आले, पण खोक्यावरचा कुठला आकडा वाचायचा ते कळलं होतं.

दिवाळीला पुण्याहून भाचा आला. त्याच्याकडे सोनीचा पहिला आरएक्स१०० होता, २०१२ सालचा. "आत्या, तू हा वापरून बघ, मग ठरव," म्हणून तो ठेवून गेला. झूम कॅमेरा शेजारच्या अक्कांच्या जावयांकडे होता, तोच एसएक्स७०. तोही त्यांनी आपणहून आणून दिला. आता दोन्ही माझ्या टेबलावर होते. आधी वजन केलं. छोटा २४० ग्रॅम, मोठा ६१० ग्रॅम. छोटा पर्समध्ये टाकला की विसरायला होतं, मोठ्याला वेगळी पिशवी लागते. मग मेगापिक्सेल पाहिले. मला खात्री होती की मोठ्यात ते पुष्कळ जास्त असणार. दोन्हींत जवळपास सारखेच निघाले, वीसच्या थोडे वर. इतकी वर्षं कॅमेऱ्याची आणि मोबाइलची किंमत मी ज्या आकड्यावरून करत आले, त्याने या दोघांत काहीच फरक दाखवला नाही.

पहिला प्रयोग गच्चीवरून केला. आमच्या गच्चीवरून मेट्रोचा पूल दिसतो. छोटा कॅमेरा २८ पासून १०० मिलिमीटरपर्यंत जातो. त्याने पूल, इमारती, पाण्याच्या टाक्या सगळं स्वच्छ टिपलं, पण सगळंच लांब. मग मोठ्याची झूमची कळ दाबून धरली. पूल सरकत जवळ आला, गाडीच्या खिडक्या आल्या, खिडकीतली माणसं आली. मी कळ सोडलीच नाही. पडद्यावरची पट्टी ६५च्याही पुढे निघाली आणि मला आनंद झाला. फोटो संगणकावर पाहिला तर माणसांचे चेहरे ओल्या रांगोळीसारखे पसरलेले. ६५पर्यंतचा झूम भिंगाचा, तो खरा. त्यापुढचा डिजिटल, म्हणजे कॅमेरा मधला तुकडा कापून ताणून दाखवतो. हे काम घरी संगणकावरही करता येतं. मेनूत जाऊन डिजिटल झूम बंद केला. कोणताही झूम कॅमेरा हातात आला तर आधी हेच करावं, असं माझं मत झालं आहे.

गुरुवारी संध्याकाळी साईबाबा मंदिराच्या रस्त्यावर गेले. त्या दिवशी तिथे फुलवाल्या, नारळवाले, दर्शनाला आलेली माणसं, क्लासमधून सुटलेली मुलं अशी दाटी असते. उजेड मात्र दुकानांच्या दिव्यांचा. फुलवालीला विचारून तिच्या हातांचे फोटो दोन्ही कॅमेऱ्यांनी काढले. पडद्यावर दोन्ही बरे दिसले. घरी मोठे करून पाहिल्यावर मोठ्या कॅमेऱ्याच्या फोटोत मोगऱ्याच्या कळ्या दाणेदार झाल्या होत्या, छोट्याच्या फोटोत एकेक पाकळी वेगळी होती. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "आत्या, सेन्सर बघ." सेन्सर म्हणजे प्रकाश झेलणारी आतली पाटी, पूर्वीच्या फिल्मच्या जागी बसलेली. छोट्याची पाटी १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. मोठ्याची जेमतेम ६.२ बाय ४.६. गुणाकार केला तर छोट्या कॅमेऱ्याची पाटी मोठ्याच्या चौपट. शिवाय झूम न करता त्याचं भिंग १.८ इतकं उघडतं, मोठ्याचं ३.४. हा आकडा जितका लहान तितकी आत प्रकाश येण्याची वाट मोठी. बाहेरून दांडगा दिसणाऱ्या कॅमेऱ्याच्या आतली पाटी नखाएवढी असू शकते, हे मला त्या रात्री समजलं.

मग विचारलं, मोठ्या कॅमेऱ्यात मोठीच पाटी का नाही बसवत? उत्तर साधं आहे. पाटी वाढली की तेवढंच लांबचं टिपायला भिंगही त्या प्रमाणात मोठं आणि जड लागतं. सोनीच्या आरएक्स१० मार्क ४ या कॅमेऱ्यात आरएक्स१००च्याच मापाची, एक इंची म्हणवली जाणारी पाटी आहे आणि भिंग ६०० मिलिमीटरपर्यंत जातं, पण वजन किलोच्या वर. निकॉनचा पी१००० तर ३००० मिलिमीटरपर्यंत पोहोचतो. त्यातली पाटी लहानच आहे, तरी तो साधारण १.४ किलोचा. लांब पल्ला, मोठी पाटी आणि हलकं वजन, या तिन्ही गोष्टी एकाच खोक्यात मिळत नाहीत. दोनच निवडायच्या असतात. दुकानदारांचा प्रश्न मला आत्ता कुठे पोहोचला.

थंडीत सकाळी सरूरनगर तलावावर जायला लागले. अक्का सोबत असायच्या. काठाला बगळे, पाण्यात पाणकावळे. अक्का बोट दाखवून सांगायच्या, "तो बघा, त्या खुंटावर," आणि मला कॅमेऱ्यातून नुसतं पाणी दिसायचं. भिंग लांब केलं की चौकटीत एवढासाच तुकडा मावतो आणि त्यात पक्षी सापडत नाही. आधी झूम मागे घ्यायचा, पक्षी मधोमध आणायचा, मग हळूहळू पुढे जायचं. एसएक्स७०च्या भिंगाच्या बाजूला यासाठीच एक बटण आहे. ते दाबून धरलं की दृश्य पुन्हा रुंद होतं, पक्षी चौकटीत आणून बटण सोडलं की कॅमेरा आधीच्या झूमवर परततो. अक्कांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलेला पाणकावळा मला या बटणामुळे दिसला.

दिसला, पण फोटो हललेला. आंबे उतरवायची लांब काठी हातात धरली की मनगट जरा हललं तरी टोक हातभर फिरतं, तसंच लांब भिंगाचं होतं. जुना हिशोब असा सांगतात की जितके मिलिमीटर, तितक्या भागाचा सेकंद. १००० मिलिमीटरला एक हजारांश सेकंदात फोटो निघाला पाहिजे. आताच्या कॅमेऱ्यात हाताचा कंप सावरणारी यंत्रणा असते, त्यामुळे बसलेला पक्षी यापेक्षा सावकाशही टिपता येतो. पण पक्ष्याने मान हलवली तर ती यंत्रणा काही करू शकत नाही. मी कोपरं छातीशी टेकवायला शिकले आणि पडद्याकडे बघण्याऐवजी वरच्या छोट्या खिडकीला डोळा लावायला शिकले. त्यामुळे कॅमेऱ्याला कपाळाचाही आधार मिळतो. आरएक्स१००च्या त्या पहिल्या आवृत्तीला अशी खिडकीच नाही. उन्हात पडदा दिसेनासा होतो आणि अंदाजाने फोटो काढावा लागतो. खिडकी आहे की नाही हे विकत घेताना विचारायचं असतं, हे मला तलावाकाठी कळलं.

यानंतर महावीर हरिण वनस्थलीत गेले. आमच्याकडून तसं जवळच. एकेकाळी ते निजामाचं शिकारीचं रान होतं. १९७५ साली, महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षाच्या निमित्ताने, त्याला हे नाव मिळालं. आज तिथे काळवीट आहेत. निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांचं नाव हैदराबादेत अजून आदराने घेतात. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना आधी उत्तेजन दिलं, पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी पदवी देऊन गौरवलं. निजामाच्या शिकारींचे फोटोही त्यांनी काढले, अवजड कॅमेरा आणि काचेच्या पाट्या घेऊन. रानातलं जिवंत जनावर चौकटभर टिपणं त्या साधनांनी फार अवघड होतं. आज माझ्यासारखी नवखी बाई ६१० ग्रॅमचं यंत्र घेऊन, काळविटाला जराही न बिथरवता, त्याच्या शिंगांचे पीळ मोजू शकते. झूम कॅमेऱ्याबद्दल मला पहिल्यांदा कृतज्ञता वाटली ती इथे.

तिथेच त्याची मर्यादाही कळली. ऊन उतरू लागलं तसे फोटो काळपट आणि दाणेदार यायला लागले. पूर्ण झूमवर या भिंगाच्या उघडण्याचा आकडा ३.४ वरून ६.५ वर जातो, म्हणजे प्रकाश पाव हिश्श्याच्या थोडासाच वर उरतो. मार्चमध्ये भर दुपारी गेले तेव्हा उजेड भरपूर होता, तरी लांबचं काळवीट पाण्याखाली असल्यासारखं थरथरत होतं. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा मधे येते आणि कितीही महाग भिंग तिच्यापुढे हतबल असतं. लांबच्या फोटोला सकाळ हवी, हे मला कोणी शिकवलं नाही, त्या दुपारीच समजलं.

घरातली परीक्षा सत्यनारायणाच्या दिवशी झाली. खोलीत एक ट्यूबलाइट, समया, उदबत्तीचा धूर. छोट्या कॅमेऱ्याने फ्लॅश न लावता सासूबाईंचा चेहरा समईच्या उजेडात होता तसा दिला. मोठा काढला की पाहुणे सावरून बसायचे, छोट्याकडे कोणाचं लक्षही जायचं नाही. पण त्याच दिवशी सुनेने मोबाइलने काढलेले फोटो पाहिले आणि थबकले. तेही छान होते. २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली ते ८० लाखांच्याही आत आले. घरातल्या फोटोंचं काम मोबाइलने घेतलं, हे त्यामागचं मोठं कारण. जुने छोटे कॉम्पॅक्ट आता कॉलेजच्या मुलांना पुन्हा आवडू लागले आहेत. त्यांच्या फोटोंचा रंग वेगळा असतो हे खरं, पण नखाएवढ्या पाटीचा कॉम्पॅक्ट आजच्या बऱ्या मोबाइलपेक्षा चांगला फोटो देईल, या आशेने पैसे घालू नयेत.

मी झूम कॅमेरा घ्यायचं ठरवलं आहे. जवळचं टिपायला मोबाइल हातात आहेच. लांबचा पक्षी, शाळेच्या रंगमंचावरची नात, रानातलं काळवीट हे त्याला जमत नाही, आणि त्यासाठीच वेगळं यंत्र घ्यायला अर्थ आहे. तुमचे फोटो बहुतेक घरात, देवळाबाहेर, संध्याकाळच्या उजेडात निघत असतील आणि मोबाइलवर समाधान होत नसेल, तर कॉम्पॅक्ट घ्या, पण एक इंची पाटीचाच. जुना घेत असाल तर भिंग पूर्ण बाहेर येऊन आत जातं का, कोऱ्या भिंतीच्या फोटोत डाग दिसतात का, आणि त्या मॉडेलची बॅटरी अजून मिळते का, हे दुकानातच बघा. दोन्ही प्रकार आधी कोणाचे तरी मागून वापरा, आपल्या गल्लीत, आपल्या उजेडात. आणि खोक्यावरचे मेगापिक्सेल वाचण्याआधी स्वतःला विचारा, मला जवळचं हवं आहे की लांबचं.