अलिबागच्या अलीकडे

आम्ही मुंबईकर अलिबागला जातो ते समुद्र पाहायला. वास्तविक समुद्र आमच्या दाराशीच आहे. पण दाराशी असलेल्या वस्तूला किंमत नसते. शंभर किलोमीटर जावे, खोलीचे भाडे भरावे, वाळूत चपला हरवाव्यात, म्हणजे मग समुद्र पाहिल्यासारखे वाटते. मीही आजवर आठ-दहा वेळा अलिबागला गेलो असेन. कुलाबा किल्ल्यात गेलो, नागावच्या वाडीत राहिलो, पोपटी खाल्ली. पण पेण ओलांडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना जो सपाट, झाडे नसलेला, मातकट प्रदेश लागतो, त्याच्याकडे खिडकीतून मान वळवून पाहिल्याचे मला आठवत नाही. तिथे पाहण्यासारखे काही नाही अशी माझी समजूत होती. आमची जमीन तिथेच होती हे ठाऊक असूनही होती.

आमची म्हणजे माझ्या पणजोबांची. ते खारेपाटातल्या एका गावचे लहानसे खोत होते. मोठ्या खोतांच्या कथा असतात तसले काही आमच्याकडे नव्हते. चार आण्यांची वाटणी, एक माडी आणि भाताच्या कणग्या एवढेच. ठाण्याला माझी आत्या असते, ऐंशी उलटलेली. तिच्या बोलण्यात 'संप' हा शब्द एखाद्या साथीच्या रोगासारखा येतो. "हे पातेलं संपाच्या आधीचं." "तुझ्या आजोबांचं शिक्षण संपात राहिलं." आम्ही मुले लहानपणी असेच समजत होतो की हा गिरण्यांचा संप. पुढे मराठीचा अध्यापक झाल्यावर, विद्यार्थ्यांना चळवळींच्या वाङ्मयाबद्दल शिकवताना, एक दिवस डोक्यात प्रकाश पडला, की आत्याचा संप म्हणजे चरीचा संप. आणि त्या गोष्टीत आम्ही चुकीच्या बाजूला होतो.

गेल्या हिवाळ्यात अलिबागचा बेत ठरला तेव्हा मी आत्याला सहज म्हटले, या खेपेला चरी पाहून येतो. ती म्हणाली, "जाऊन काय पाहणार आहेस? आपलं होतं ते गेलं." मग थोड्या वेळाने आत जाऊन तिने एक पिवळा कागद आणून दिला. मोडीतली कबुलायत होती. "ही तुझ्याकडेच ठेव. मला वाचता येत नाही नि टाकवतही नाही."

शिवडीहून अटल सेतूवर चढलो. जानेवारी 2024 मध्ये खुला झालेला हा पूल तुम्हाला खाडीवरून नेऊन चिरल्याला जमिनीवर सोडतो, आणि जवळच जासई आहे. जासई हे दि. बा. पाटलांचे गाव. माझी कन्या मागच्या बाकावरून कंटेनर मोजत होती. मी तिला सांगितले, की हे बंदर व्हायचे होते तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनी जमिनीचा योग्य मोबदला मागितला होता, आणि 1984 च्या जानेवारीत, 16 आणि 17 तारखेला, गोळीबारात पाच माणसे गेली. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. होते. शेतकरी कामगार पक्षाचे ते पाच वेळा आमदार, दोनदा खासदार. सरकार जमीन घेते तेव्हा विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के जमीन मूळ मालकाला परत मिळावी, हे तत्त्व त्या रक्तातून निघाले. नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचे नाव द्यावे म्हणून 2021 साली हजारो माणसे रस्त्यावर आली. मात्र दि. बा. स्वतः अखेरच्या काळात तो पक्ष सोडून शिवसेनेत गेले होते. कन्या म्हणाली, "मग नाव कोणत्या पक्षाचं?" प्रश्न तिला वाटला त्यापेक्षा बरा होता. मी गाडी चालवण्यात लक्ष असल्याचे दाखवले.

वडखळ गेले, पोयनाड आले. सौभाग्यवतींना आता समुद्राचा वास येऊ लागला होता, आणि मी गाडी मुख्य रस्त्यावरून खाली उतरवली. "अहो, इकडे कुठे?" मी म्हटले, अर्धा तास. बायकोला अर्धा तास सांगणे हे प्राध्यापकाने 'थोडक्यात' म्हणण्यासारखेच असते.

खारेपाट म्हणजे समुद्रापासून हिसकून घेतलेली जमीन. खाडीच्या कडेने मातीचा बांध घालायचा, त्याला इथे बाहेरकाठा म्हणतात; भरतीचे पाणी बाहेर ठेवायचे, पावसाचे पाणी आत घेऊन मीठ धुऊन काढायचे, आणि काही वर्षांनी त्या मातीत भात लावायचे. एका उधाणाला बांध फुटला की खारे पाणी आत येते आणि पुढली कित्येक वर्षे शेत मुके होते. हे बांध घातले आगऱ्यांनी, राखले त्यांनी, फुटल्यावर रात्री कंदील घेऊन चिखलात उतरले तेच. कागदावर जमीन खोताची. माझ्या खिशातल्या कबुलायतीत तेच लिहिले होते. दरसाल इतके मण भात मालकाच्या घरी पोचते करावे. बांधाची दुरुस्ती कुळाने करावी. कुळाने झाड लावल्यास ते मालकाचे समजावे. भाषा मोठी सभ्य आहे. 'आपले खुशीने व राजीरजावंदीने लिहून देतो.' खाली अंगठा.

27 ऑक्टोबर 1933 रोजी चरीला सभा भरली आणि नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली कुळांनी ठरवले, की खोताची जमीन कसायची नाही. पंचवीस गावे त्यात होती. संप म्हणजे काम बंद, हे आपल्याला ठाऊक आहे. पण गिरणीचा कामगार काम बंद करतो तेव्हा मालकाचे यंत्र थांबते, शेतकरी काम बंद करतो तेव्हा त्याची स्वतःचीच चूल आधी थांबते. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. जमीन पडीक राहिली. माणसे डोंगरात लाकूडफाटा तोडत, खाडीत मासे नि चिंबोऱ्या धरत आणि दिवस काढत. 1934 च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. नारायण नागू पुढे 1937 च्या निवडणुकीत त्यांच्याच स्वतंत्र मजूर पक्षातर्फे कायदे मंडळात गेले, 'कृषीवल' हे पत्र त्यांनी त्याच साली काढले, आणि त्याच सालच्या 17 सप्टेंबरला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. संप मिटला 1939 साली. सहा वर्षे! एका शैक्षणिक वर्षाचा पगार थकला तर आम्ही प्राध्यापक काय करू याचा विचार करीत मी त्या सपाट शेतांकडे पाहत उभा होतो.

चरीच्या स्मारकापाशी त्या दिवशी आमच्याशिवाय कोणी नव्हते. ऊन होते, शेजारच्या अंगणात सुकट वाळत होती.

शेतकरी कामगार पक्षाचा जन्म काही इथला नव्हे. तो 1947 साली, काँग्रेसच्याच पोटात, शंकरराव मोरे, केशवराव जेधे अशा मंडळींनी उभारला आणि मग वेगळा काढला. स्वराज्य तर आले, पण ते शेटजींच्या आणि वकिलांच्या हाती जाते आहे, ही बहुजन समाजातल्या तरुण कार्यकर्त्यांची तक्रार होती. 1950 साली नाशिक जिल्ह्यात दाभाडीला अधिवेशन झाले आणि पक्षाने मार्क्सवाद स्वीकारला. लाल बावटा आला. पक्षाची पहिली मोठी कमाई आणि पहिली मोठी फूट याच काळातली. 1952 च्या निवडणुकीत मुंबई विधानसभेत 14 जागा मिळाल्या. दोन वर्षांत जेधे काँग्रेसमध्ये परतले, मोरेही पुढे गेले. तरी 1957 साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत या पक्षाचे 31 आमदार झाले. तो कळस. महाराष्ट्र मिळाल्यावर 1962 साली पंधरा, 1967 साली एकोणीस, 1972 साली सात. आकड्यांची चढउतार पुढेही झाली, पण एकतीस पुन्हा दिसले नाहीत.

काँग्रेसने पक्ष फोडला असे म्हणण्याची पद्धत आहे, आणि ते खोटे नाही. साखर कारखाने, जिल्हा परिषदा, सहकारी बँका यांची दारे उघडली तेव्हा आत जाणाऱ्यांची रीघ लागली. पण मला वाटते, त्याहून मोठी गोष्ट अशी, की पक्षाचे जे मागणे होते ते बऱ्याच अंशी मिळाले. 1949 च्या कायद्याने खोती गेली, आणि 1 एप्रिल 1957 ला कुळे कायद्याने मालक झाली. काँग्रेसने दुसऱ्याचे मागणे आपल्या हाताने दिले, आणि आभार आपल्याकडे जमा केले.

त्यातून दोन ठिकाणी पक्ष टिकला, आणि दोन्ही ठिकाणी निरनिराळ्या रीतीने. एक सांगोला. बहिःस्थ परीक्षक म्हणून मी एकदा त्या भागात गेलो होतो. खारेपाटात पाण्याला बांध घालावा लागतो, तिथे पाण्याची वाट पाहावी लागते. त्या दुष्काळी तालुक्यातून गणपतराव देशमुख 1962 पासून अकरा वेळा निवडून आले, मधे दोनदा पडले, आणि आयुष्यभर एस.टी.तून फिरले. 2021 साली ते गेले. त्याआधी 2019 साली त्यांचा नातू तिथे 768 मतांनी पडला. 2024 साली दुसरा नातू निवडून आला. आज विधानसभेत या पक्षाचा तो एकच आमदार आहे. दुसरे ठिकाण हा रायगड जिल्हा. इथे वर्तमानपत्र होते, जिल्हा परिषद होती, खटाऱ्याची निशाणी घराघरात ठाऊक होती, आणि नारायण नागूंच्या पुढच्या तीन पिढ्या होत्या. ज्या पक्षाने वंशपरंपरागत खोती घालवली त्याचे पुढारीपण एका घरात वंशपरंपरेने राहावे, ही गोष्ट मला बोचते. पण माझ्यासारख्याने ती बोलावी की नाही, हाही प्रश्न आहे. 2024 साली अलिबागची जागा पुन्हा गेली, आणि पुढच्याच वर्षी त्या घरातले एक माजी आमदार भाजपमध्ये गेले.

चरीहून आमच्या जुन्या गावी गेलो. कबुलायतीतले आडनाव विचारले, तर पहिल्याच घरी बोट दाखवले. पंचाहत्तरीचे एक गृहस्थ ओटीवर जाळे विणीत बसले होते. मी कोण हे सांगताना माझी जीभ जड झाली. खोताचा पणतू म्हणून कोणाच्या ओटीवर कसे बसायचे याचे वळण आमच्या घरात कोणी शिकवले नव्हते. त्यांनी मात्र सुनेला चहा ठेवायला सांगितला आणि सौभाग्यवतींना खुर्ची दिली.

"काका, शेती कोण करतं?" मी विचारले.

"कोण नाय. बांध फुटला, मग कोण उतरंल चिखलात? धाकट्यानं तीन एकर विकली. गोदामवाल्याला." ते हसले. "माझे आजा खोताला बोलले, जमीन कसणार नाय. आता पोरं मला बोलतात."

"आणि मत? लाल बावट्याला?"

"मी देतो. पोरं कोणाला देतात, ते मी विचारत नाय."

भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, शेजारी एका बांधकाम कंपनीचे कॅलेंडर. विकलेल्या जमिनीच्या पैशातून वरचा मजला चढला होता, नातू इंजिनिअरिंगला होता. यात वाईट काय आहे, हे मी स्वतःला विचारून पाहिले. माझ्या आजोबांचे शिक्षण राहिले, त्यांच्या नातवाचे झाले. तरीही ओटीसमोरचे ते खारवटलेले, तिवरांनी भरत चाललेले शेत पाहून जीव लागेना. सहा वर्षे उपाशी राहून मिळवलेली जमीन. अलिबागच्या अलीकडे ज्या भावाने ती विकली जाते तो भाव आमच्यासारख्यांनीच, शनिवार-रविवारच्या समुद्रासाठी, वाढवला आहे.

मी कागद काढला. म्हटले, हा तुमचा आहे, आमच्याकडे चुकून राहिला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, उजेडात धरला. मोडी त्यांना येत नव्हती. मी वाचून दाखवू लागलो तर त्यांनी हाताने थांबवले. "त्यातलं सगलं ठाव हाय," ते म्हणाले. मग त्यांनी नातवाला हाक मारली. नातू फोन घेऊन बाहेर आला. कागद घडीवर उचलला जात होता, म्हणून मी एक कोपरा धरला, काकांनी दुसरा धरला, आणि नातवाने खाली वाकून फक्त अंगठ्याचा फोटो काढला.