डोक्यावरचें लाकूड

मराठींत ‘जमीन’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि आमच्या हिंगोलीकडे त्यांपैकीं शेतीचाच अर्थ लोकांच्या मनांत प्रथम येतो. ‘जमीन कशी आहे?’ असें कोणी विचारलें तर काळी, भारी, मुरमाड असें उत्तर मिळतें. घरांतील जमिनीविषयीं कोणी चौकशी करीत नाहीं. ती सारवलेली असते, शहाबादी फरशीची असते, किंवा अलीकडे चकचकीत टाइल्सची असते. तिजविषयीं विचार करण्याचें कारण सहसा पडत नाहीं. म्हणून मातोश्रींच्या खोलींत लाकडाची जमीन करावयाचें ठरलें आहे, असें आम्हीं महाविद्यालयांतील आमच्या सहकाऱ्यांस सांगितलें, तेव्हां आम्ही एकाएकीं मुंबईच्या श्रीमंतांच्या पंक्तीस जाऊन बसलों, असा भाव त्यांच्या मुद्रेवर उमटला.

वस्तुतः कारण साधें होतें. मातोश्रींचें वय ब्यायशी. खुर्चीवर बसून जप केला तर तो पोंचत नाहीं, अशी त्यांची समजूत. आणि जमिनीवर बसावें तर पौष महिन्यांत फरशीचा गारठा गुडघ्यांत उतरतो. सतरंजी झाली, चटई झाली, तिच्यावर घोंगडी झाली. घोंगडीची कड पायांत अडकून त्या एकदां पडतां पडतां वांचल्या, तेव्हां हा उपाय संपला.

येथें शहाबादी फरशीची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. वैशाखांत दुपारीं पारा बेचाळिसांवर गेला असतां जिनें आमच्या तीन पिढ्यांच्या पाठी थंड केल्या, तिच्याशीं कृतघ्न होणें बरें नव्हे. शहाबाद आज कर्नाटकांत आहे. परंतु 1956 सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तें आणि हिंगोली एकाच हैदराबाद राज्यांत होतीं. पुढें हिंगोली परभणी जिल्ह्यांतून निघून 1 मे 1999 रोजीं स्वतंत्र जिल्ह्याचें ठिकाण झाली. इतक्या उलथापालथींत फरशी मात्र होती तेथेंच राहिली. दोष तिचा नव्हे, पदार्थधर्माचा आहे. एकाच खोलींतील दगड आणि लाकूड यांची उष्णता सारखीच असते. परंतु दगड पायांतील ऊब झपाट्यानें ओढून घेतो व लाकूड ती सावकाश घेतें, म्हणून एक गार लागतो आणि दुसरें लागत नाहीं. उन्हाळ्यांत जो गुण, तोच हिवाळ्यांत अवगुण. तरुणपणीं आपण उन्हाळ्याचा विचार करतों, म्हातारपणीं हिवाळ्याचा.

प्रथम आम्ही नांदेडास एका दुकानांत गेलों. विक्रेत्यानें ‘लॅमिनेट’च्या पट्ट्या मांडल्या व ‘एसी 3’, ‘एसी 4’ असे शब्द उच्चारूं लागला, तेव्हां हा खोली थंड करण्याच्या यंत्राविषयीं बोलत असावा, असें क्षणभर वाटलें. तो झिजेस तोंड देण्याच्या शक्तीचा अंक होय. राहत्या घरास 3 पुरतो, दुकानास त्याहून वरचा घ्यावा. पट्टीच्या पोटांत लाकडाचे तंतू राळेसह दाबून घट्ट केलेले असतात, त्यावर लाकडाचें छायाचित्र छापलेला कागद, आणि कागदावर पारदर्शक कठीण थर. ती स्वस्त असते, सरळ बसते, एका दिवसांत खोली तयार होते; परंतु सांध्यांतून पाणी शिरलें कीं फुगते, आणि एकदां झिजली कीं तिला रंधा मारतां येत नाहीं, कारण कागदास रंधा कोण मारणार? ‘हा युरोपियन ओक आहे, सर,’ विक्रेता म्हणाला. ओक वृक्षाशीं आमचा परिचय तीस वर्षांच्या इंग्रजी कवितेच्या अध्यापनापुरताच. त्याचा व कयाधूच्या कांठचा कांहीं संबंध जुळेना. दुसरा प्रकार ‘इंजिनिअर्ड’ म्हणवणारा: खालीं प्लायवुड व वर दोन ते चार मिलिमीटर खरें लाकूड. हा अधिक प्रामाणिक. एकदोन वेळां घासूनही घेतां येतो. आम्हीं दोन्हींचे नमुने घरीं आणले. मातोश्रींनीं पहिला हातांत घेतला, बोटानें वाजवला आणि म्हणाल्या, ‘अरे, हें तर चित्र आहे.’ दुसऱ्याविषयीं त्या कांहीं बोलल्या नाहींत. पण त्याच संध्याकाळीं त्यांनीं विचारलें, ‘गांवच्या वाड्याचं लाकूड कुठं ठेवलंस?’

तें लाकूड गांवींच पडवींत रचून ठेवलेलें होतें. आमचें गांव कळमनुरी तालुक्यांत. वाडा मराठवाड्यांतील पुष्कळ जुन्या घरांसारखा माळवदाचा: दगडमातीच्या जाड भिंती, त्यांस लागून सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर तक्तपोशी, आणि तिच्यावर हातभर पांढरी माती. ही माती उन्हाळ्यांत घर थंड ठेवते आणि भूकंपांत माणसें मारते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीस जीं सुमारें आठ हजार माणसें गेलीं, तीं बहुतेक अशाच भिंतींखालीं व अशाच मातीखालीं. तरीही पुढें तीस वर्षें आम्ही त्या माळवदाखालीं सणावारास निजत आलों. 2024 सालीं 21 मार्चच्या सकाळीं आमच्याच तालुक्याच्या पोटांतून 4.5 तीव्रतेचा धक्का बसला. पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या, असें प्रशासनानें लोकांस सांगितलें. आणि 10 जुलैस पुन्हां तेवढाच धक्का आला. पत्र्यावरचा दगड धोक्याचा, तर आमच्या डोक्यावरच्या शेंकडों मण मातीस काय म्हणावें? दिवाळीनंतर माळवद उतरलें. माती शेतांत गेली, लाकूड राहिलें.

लाकूड राहिलें कीं गिऱ्हाईक येतें. जुन्या वाड्यांचे खांब, तुळया व कोरीव चौकटी घेऊन त्या शहरांतील हॉटेलांस पुरवणारा एक व्यापारी धाकट्या बंधूंकडे येऊन गेला होता, आणि त्यानें सांगितलेला आंकडा लहान नव्हता. बंधूंच्या मुलीच्या शिक्षणाचें वर्ष होतें. त्यांचें म्हणणें अवास्तव होतें असें आम्हांस आजही वाटत नाहीं. ज्या खांबाला टेकून आजोबा जमाखर्च लिहीत, त्याला टेकून कोणी परका थंड कॉफी पिणार, या कल्पनेनें कासावीस होणें पगारी प्राध्यापकास परवडतें; कोरडवाहू शेतकऱ्यास तें परवडेलच असें नाहीं. शेवटीं खांब व चौकटी विकून पैसे बंधूंनीं घ्यावेत, आणि तक्तपोशी व तुळया आम्हीं घ्याव्यात, असें ठरलें.

आमचा हिशेब तयार होता. खोली बारा फूट बाय चौदा, म्हणजे 168 चौरस फूट. इंचभर जाडीनें चौदा घनफूट, आणि कापाकापीची चौथाई धरून साडेसतरा. तक्तपोशी अपुरी पडत होती, पण एक तुळई चिरली कीं भागत होतें. अडचण निघाली ती या हिशेबाबाहेरची. मातोश्री म्हणाल्या, ‘तक्तपोशी पायाखाली घाल, माझी ना नाही. माती तिनं झेलली, आता माणसं झेलील. पण मधल्या तुळईला पाळण्याची कडी आहे. तुम्ही चौघं तिथं टांगलेले होतात. चौघांतली एक त्या पाळण्यातूनच गेली. ती तुळई पायाखाली नको.’

ही चौथी, म्हणजे आमच्या पाठची बहीण, आम्हांस आठवत नाहीं. घरांत तिचें नांव कोणी काढलेलें आम्हीं पन्नास वर्षांत ऐकलें नव्हतें. आम्ही गप्प बसलों. खांबांविषयींची आमची हळहळ त्या एका वाक्यापुढें फार हलकी ठरली.

मार्ग सुतारमिस्त्रींनीं काढला. त्यांस ही हकीकत आम्हीं सांगितली नव्हती. त्यांनीं ती तुळई पाहून एवढेंच विचारलें कीं, जमीन दोन इंच वर येणार, म्हणजे जुना उंबरठा बुडणार. नवा कशाचा करूं? मातोश्री आंतून म्हणाल्या, ‘मधल्या तुळईचा करा. उंबऱ्यावर कोणी पाय देत नाही.’ जमिनीस जें कमी पडलें तें दुसऱ्या तुळईंतून निघालें.

कामाविषयीं चार शब्द लिहितों, कारण असें लाकूड पुष्कळ घरांत पडून आहे. जुन्या लाकडांत खिळे लपलेले असतात, आणि न दिसणारा खिळाच करवतीचें पातें खातो. मिस्त्री प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवीत. कडेचें पांढरें लाकूड वाळवीस गोड लागतें, तें निर्दयपणें काढून टाकावें. आंतल्या तेलकट गाभ्यास ती सहसा तोंड लावीत नाहीं. आमची खोली तळमजल्यावर, खालीं काळी माती. म्हणून भर श्रावणांत फरशीवर प्लास्टिकचा तुकडा चिकटपट्टीनें बंद करून दोन रात्रीं ठेवला. खालीं थेंब जमले. तेव्हां सबंध खोलींत जाड प्लास्टिक अंथरून त्यावर रिपा, आणि रिपांवर फळ्या, एकीच्या कडेची जीभ दुसरीच्या खांचेंत बसवून. भिंतीलगत चोहोंकडे अर्धा इंच मोकळी जागा सोडली व वरून पट्टीनें झांकली. ती न सोडल्यास पावसाळ्यांत फुगणाऱ्या फळ्या मध्येंच उचलतात. काम केव्हां करावें, याविषयीं मिस्त्रींचें मत ठाम होतें. वैशाखांत लाकूड पार सुकलेलें असतें, तें पुढें फुगेल. भाद्रपदांत फुगलेलें असतें, तें पुढें आकसेल. म्हणून हिंगोलीचा दसरा होऊन जाऊं द्यावा.

चकाकणारें पॉलिश आम्हीं घेतलें नाहीं, कारण म्हातारा पाय त्यावर सरकतो. उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. तेलाच्या चिंध्या मात्र चुरगळून कोपऱ्यांत टाकूं नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात.

तक्तपोशीवर जेथें कड्या टेकल्या होत्या तेथें फिकट पट्टे आहेत, बाकीचा भाग चुलीच्या धुरानें काळवंडलेला. रंध्यानेंही तो सगळा गेला नाहीं. उंबऱ्याला कडीचें भोंक आहे. तें लांबीनें भरावें असें मिस्त्रींनीं सुचविलें, मातोश्रींनीं नको म्हटलें. दर शुक्रवारीं उंबऱ्यास हळदकुंकू लावतांना चिमूटभर त्यांतही पडतें, तें मुद्दाम कीं हात कांपतो म्हणून, हें आम्हीं विचारलेलें नाहीं.

फाल्गुन संपतां संपतां हवा कोरडी झाली आणि खिडकीजवळच्या दोन फळ्यांत फट पडली. पोथींत खूण म्हणून ठेवलेलें जुनें पोस्टकार्ड तींत सहज उभें राहतें. मिस्त्रींना बोलावून दाखवलें. त्यांनीं वांकून पाहिलें, फटीवरून नख फिरवलें, आणि म्हणाले, ‘भरू नका, सर. मृग लागू द्या.’