आईच्या पेनाची निब

धारवाडच्या माझ्या मावशीला अलीकडे फोनवरचे ऐकू येत नाही. समोर बसून मोठ्याने बोलले तर कळते, पण फोन कानाला लावला की ती आपलेच बोलत राहते. दोघी बहिणींना पत्राशिवाय मार्ग उरला नाही, आणि नेमकी आईची बोटे सांधेदुखीने धरलेली. बॉलपेन दाबून चार ओळी लिहिल्या की अंगठा भरून येतो आणि पत्र अर्धेच राहते.

भरवेलीच्या मँगनीज खाणीतल्या नोकरीमुळे मी बालाघाटला आलो आणि इथलाच झालो. आईही आता आमच्याकडेच असते. घरात मराठी, बाजारात हिंदी, बहिणीला पत्र मात्र कन्नडमध्ये. यंदा तिची पंचाहत्तरी. शाईच्या पेनाला दाब लागत नाही, निब कागदाला टेकली की शाई आपोआप उतरते. तेव्हा ठरवले, तिला चांगले, सोन्याच्या निबचे पेन घ्यायचे.

असली पेने घरबसल्या मागवता येतात. पण हातात न धरता निब घेणे म्हणजे पायात न घालता चपला घेणे. म्हणून आईला घेऊन गोंदियामार्गे नागपूर गाठले. सीताबर्डीतल्या एका दुकानदाराने चार पेने मांडली. 585 असा छाप असलेली निब 14 कॅरटची, 750 असेल तर 18 कॅरटची. कागदावर टेकते ते टोक मात्र सोन्याचे नसते. सोने मऊ, लवकर झिजेल, म्हणून टोकाला कठीण मिश्रधातूचा बारीक मणी जोडलेला असतो. रेघ बारीक की जाड, हे तो मणी ठरवतो. सोन्याने अक्षर सुधारत नाही, हेही सांगून टाकतो. पोलादी निबही उत्तम चालते. सोने घेतले ते आईसाठी, हौसेने.

निबचा आकार म्हटले की दोन गोष्टींची गल्लत होते. पाच नंबर, सहा नंबर म्हणतात तो निबच्या पत्र्याचा आकार. सहा नंबरची निब दिसायला मोठी, पण तिची रेघ बारीकही असू शकते. रेघेची जाडी वेगळी: एक्स्ट्रा फाइन, फाइन, मीडियम, ब्रॉड. त्यातही सर्व कंपन्यांचे एकच माप नाही. जपानी फाइन ही युरोपातल्या फाइनपेक्षा साधारण एक पायरी बारीक असते.

दुकानदार म्हणाला, "मीडियम घ्या, बहुतेक लोक तीच नेतात." सही करायला ती छानच. आईने लिहून बघायला शब्द निवडला लक्ष्मी. आधी मराठीत लिहिला, तो सुरेख आला. मग कन्नडमध्ये. ज्यांच्या घरी दोन्ही लिप्या चालतात त्यांना कळेल की खरी परीक्षा इथे आहे. मराठीत जोडाक्षर बहुधा ओळीतच आडवे मावते. कन्नडमध्ये ओत्तक्षर खाली उतरते आणि या शब्दात तर 'क'च्या पोटाखाली 'ष' आणि 'म' असे दोघे बसतात. त्या युरोपीय मीडियमने दोन्ही अक्षरे शाईत बुडाली. "इदु ब्याड," आई म्हणाली.

आपल्या देवनागरीला बोरूच्या तिरप्या कापाची सवय. तिच्या उभ्या-आडव्या रेघा थोड्या जाड झाल्या तरी शोभतात. कन्नड अक्षरे ताडपत्रावर लोखंडी कंठाने कोरली जात. सरळ रेघेने पान चिरते म्हणून ती वळणदार झाली, असे सांगतात. वळणे बुजली की अक्षर गेले.

मग जपानी फाइन घेतली. ओत्तक्षर स्वच्छ आले, पण निब खरखरली. आईचा हात थोडा कापतो, पेन बोटांत फिरते, आणि इतके बारीक टोक जरा वाकडे टेकले तरी कागदाला ओरखडते. ती परत जोर लावू लागली. ज्यासाठी एवढे आलो तेच बिघडायला लागले. लिपीला बारीक हवी, हाताला जाड.

शेवटी जपानी मीडियम बसली. युरोपातल्या फाइनच्या जवळपास जाते, टोक गोल असल्याने सरकते छान, आणि लक्ष्मीही ओळखू येते. पेनाची कांडी मुद्दाम जाड घेतली. बारीक कांडीला बोटे जास्त आवळावी लागतात. कागद मात्र मी घरून तिचीच वही नेली होती. दुकानातल्या गुळगुळीत कागदावर सगळ्याच निबा गोड लागतात. साध्या वहीवर शाई पसरते, रेघ एक पायरी जाड होते, आणि मावशीला जायचे ते पत्र साध्याच कागदावर जाणार.

पहिले पत्र दोन्ही बाजूंनी भरून गेले. एका बैठकीत नाही, तीन दिवसांत. पण पुरे झाले. दोन आठवड्यांनी मावशीचे उत्तर आले, बॉलपेनने लिहिलेले, शेवटच्या ओळी वाकड्यातिकड्या. आता तिलाही असले पेन हवे आहे. आई म्हणते, माझ्यासारखेच दे पाठवून. पण मावशी पेन उभे धरते, शिवाय डावखुरी. दिवाळीत धारवाडला जाऊ, तेव्हा तिचा हात बघूनच निब ठरवणार आहे.