बावखल बुजवू नकोस

आगाशी, कार्तिक वद्य पंचमी

चि. बाळास,

वाडीत कूपनलिका खोदून बारमाही भाजीपाला करावा व जागा मोकळी व्हावी म्हणून बावखलाचे तळे बुजवावे, ही तुझी तजवीज वाचून मन अस्वस्थ झाले.

उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी आणि पश्चिमेस समुद्र, अशा तिन्ही अंगांनी खाऱ्या पाण्याने वेढलेल्या आपल्या मुलखात भूगर्भातले गोडे पाणी हे पावसाळ्याच्या चार महिन्यांत मुरलेले आणि हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहिलेले असते. त्याची पातळी एक फूट उतरली तर खालचे खारे पाणी कालांतराने सुमारे ४० फूट वर चढते, असा शास्त्रज्ञांचा सिद्धान्त आहे. रहाटाचे जनावर थकले की विहिरीलाही विसावा मिळे. पंपाच्या अंमलात तो उरला नाही. टँकर भरभरून येथल्या विहिरी उपसल्या जाऊ लागल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ लढली, ती उगाच नव्हे. बावखल पावसाचे पाणी अडवून वाडीतच जिरवते. ते बुजवून कूपनलिका खोदणे म्हणजे ठेव मोडून वर कर्ज काढणे होय.

महसुली दप्तर जमिनीला बागायत म्हणते किंवा जिरायत; परंतु केवळ ओलीवर पिकणारी भाजी आपल्या पूर्वजांच्या वहिवाटीतली आहे. पावसाळ्यात काकडी, शिराळी, पडवळ मांडवावर चढवावीत. खाचरातले भात कापताच, जमीन भेगाळण्यापूर्वी वाल पेरावा. वीतभर खोलीची माती मुठीत दाबून पाहा. गोळा टिकला तर ओल पुरेशी आहे, फुटला तर बी वाया घालवू नकोस. वाल उगवल्यावर वरचा थर हलक्या हाताने भुसभुशीत ठेव, म्हणजे खालची ओल वर चढून उडून जात नाही. मूळ तिच्या मागोमाग खोल उतरते, आणि ऐन थंडीत शेंगा लागतात. समुद्राकडच्या रेताड पट्ट्यात हे साधणार नाही, तिथे हट्ट धरू नकोस. उत्पन्न पंपाच्या भाजीपेक्षा कमी येईल, हे मी लपवीत नाही. पण उन्हाळ्यात विहीर गोडी राहील, आणि केळीला व पानवेलीला तीच लागते.

खालच्या खाचरासाठी वालाचे बी या आठवड्यात पाठवतो. बावखलातला गाळ वैशाखात उपसू. माणसांची व्यवस्था मी करतो.

तुझा,
काका