टीव्हीमागच्या तारा

गेल्या रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात अम्मी सहरीसाठी उठली आणि हॉलमध्ये पडली. लाईटच्या बटणाकडे जाताना टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डाची वायर अंधारात तिच्या पायात अडकली. उजवे मनगट मोडले. दीड महिना प्लास्टर होते. वजूसाठी तिच्या हातावर माझी बायको पाणी घालायची, आणि ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी तिने डाव्या हातात धरली.

हे लिहिणे मला जड जाते, कारण ती वायर मला माहीत होती. अम्मी दोन वर्षांपासून सांगत होती, ‘‘बेटा, ही तार एक दिवस कुणाचा तरी पाय धरेल.’’ मी म्हणायचो, ‘‘रविवारी करू.’’

प्लास्टर निघाले त्या आठवड्यात मी टीव्हीमागे खाली बसलो आणि तारा मोजल्या. सात निघाल्या. टीव्हीची, सेट-टॉप बॉक्सची, छतावरच्या छत्रीची, दोघांना जोडणारी एचडीएमआय, वायफायच्या दोन, आणि सातवी कुणाची ते शेवटपर्यंत कळले नाही, कारण तिचे दुसरे टोक कशालाच लावलेले नव्हते. सगळ्यांचे मूळ एका बोर्डात, आणि तो बोर्ड दुसऱ्या बोर्डात. भिंतीतला पॉइंट दाराजवळ, टीव्ही समोरच्या भिंतीशी. म्हणजे येण्याजाण्याच्या वाटेवर वायर पडणारच होती.

लहानपणी आमच्या घरात टीव्हीला दोनच तारा होत्या. एक लाईटची, दुसरी छतावरच्या अँटेनाकडे जाणारी चपटी. अब्बा सुतार होते. खामगावात त्यांचा हात सागवानी दारांवर बसलेला. 1988 साली ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेतला तेव्हा दारांच्या उरलेल्या सागवानातून त्यांनी त्याला शटरची पेटी केली. अर्ध्या अर्ध्या इंचाच्या उभ्या पट्ट्या जाड कापडावर चिकटवलेल्या. दोन्ही बाजूंनी ओढल्या की मधोमध येऊन मिळायच्या आणि छोटेसे कुलूप लागायचे. अशी सरकती दारे युरोपातल्या जुन्या लिहिण्याच्या मेजांनाही असत, हे मला फार पुढे कळले. अब्बांना ते ठाऊक होते की नाही, कोण जाणे. त्यांनी ते बाजारच्या टीव्हीवर पाहिले असणार.

कुलपाची किल्ली अम्मीकडे असे. अजान ऐकू आली की ती शटर ओढायची. दादांना घरात टीव्ही नको होता. शटर हा त्यांच्याशी झालेला समझोता होता. पुढे 1990 साली दूरदर्शनवर ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुल्तान’ लागू लागले तेव्हा गल्लीतली पोरे आमच्या ओट्यापर्यंत बसायची आणि दादा आतल्या खोलीतून, टीव्ही बघत नसल्यासारखे, सगळे बघायचे.

तो टीव्ही केव्हाच भंगारात गेला. पेटी मात्र माडीवर होती. तिच्यात जुन्या रजया.

मला वाटले, बाजारातून तयार युनिट आणण्यापेक्षा आपणच करू. सुताराचा मुलगा आहे, मास्तर झालो म्हणून काय झाले! 18 एमएम प्लायची 8 बाय 4 ची एक शीट आणली. पाच फूट लांब, सोळा इंच खोल. दुकानदाराने कापून दिली, मी जोडली. पाठीमागे प्लायची फळी घट्ट ठोकली, समोर दोन दारे लावली, तारा आत कोंबल्या, जास्तीची वायर गुंडाळून रबरबँडने बांधली. बाहेरून एक तार दिसेना. मी अम्मीला बोलावून दाखवले. ती म्हणाली, ‘‘छान आहे. पण श्वास कुठून घेईल?’’

मला हसू आले. मेमध्ये उत्तर मिळाले. घाटाखालचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको. 44-45 पर्यंत पारा जातो, आणि दार लावलेल्या खणात तर चूलच. सेट-टॉप बॉक्स दुपारी बंद पडू लागला. बॉक्स चालू असला तरी रिमोट चालेना. त्याचा किरण म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाशच, लाकडातून तो कसा जाणार? चॅनेल बदलायला कुणीतरी उठून दार उघडायचे. एकदा आत हात घातला तर ती बांधलेली गुंडाळी कोमट लागली. आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला तसे एक उंदीरही आत राहायला आला. लपवलेली, उबदार, कुणी न उघडणारी जागा त्याला दुसरीकडे कुठे मिळाली असती?

मग मी अब्बांबरोबर काम केलेल्या चाचांना आणले. आता त्यांचे वय झाले आहे, रंधा धरत नाहीत, पण नजर तीच आहे. त्यांनी माझे काम पाहिले, काही बोलले नाहीत. पाठीमागची फळी बोटाने वाजवली. मग म्हणाले, ‘‘तुझ्या अब्बांची पेटी आहे का अजून?’’

माडीवरून पेटी उतरवली. रजया काढल्या. चाचांनी ती फिरवून पाठ माझ्याकडे केली. मागच्या फळीवर भोकांच्या पाच ओळी होत्या, गिरमिटाने पाडलेल्या, एकसारख्या अंतरावर. लहानपणी मला ती नक्षी वाटायची. खालच्या फळीतही भोके होती. चाचा म्हणाले, ‘‘थंड हवा खालून येते, गरम वरून जाते. आणि वायर जाते तिथं त्यांनी कडा घासल्यात बघ. धारेवर वायर सोलते.’’ मी बोट फिरवले. छत्तीस वर्षांनंतरही कड गुळगुळीत होती.

पेटी मोडायची की नाही, हे मला ठरवता येईना. अम्मीला विचारायची हिंमत होत नव्हती. शेवटी तीच म्हणाली, ‘‘रजयांना सागवान कशाला लागतं? पण पट्ट्या कापताना मला बोलाव.’’

काम असे झाले. आधी वायरमन बोलावून पॉइंट टीव्हीच्या मागच्या भिंतीत घेतला, अर्थिंग तपासून घेतले आणि मेन बोर्डात 30 मिलीअँपिअरला तुटणारे सुरक्षा-यंत्र बसवले. आमच्याकडे त्याला सर्रास ईएलसीबीच म्हणतात. कॅबिनेटच्या आधी हे करावे, लाकूड नंतर. मी उलटे केले होते. बोर्डात बोर्ड लावणे बंद झाले.

मग पेटारा पुन्हा खोलला. आतली फळी मागून तीन इंच आखूड केली, म्हणजे तारांना वरपासून खालपर्यंत उतरायला गल्ली झाली. लाईटच्या तारा गल्लीच्या एका बाजूने, छत्रीची आणि एचडीएमआय दुसऱ्या बाजूने. जास्तीची वायर आता घट्ट गुंडाळत नाही, इंग्रजी आठच्या आकारात सैल लटकवतो. मागच्या फळीचे खिळे काढून स्क्रू लावले, चार स्क्रू काढले की पाठ हातात येते. अब्बांसारख्या भोकांच्या ओळी वर आणि खाली. उंदरासाठी त्यांच्यावर आतून बारीक जाळी. चार इंचांचे पाय दिले. खालून झाडू फिरतो आणि वाळवी चढू लागली तर दिसते. टीव्ही पट्ट्याने भिंतीला बांधला, कारण घरात तीन वर्षांची नात आहे आणि तिला खणांवर चढण्याची आवड आहे.

उंचीचा हिशोब मात्र चाचांनी पुस्तकातून केला नाही. अम्मीला दिवाणावर बसवले आणि जमिनीपासून तिच्या डोळ्यापर्यंत फूटपट्टी धरली. टीव्हीचा मध्य त्याच्या जरा खाली आला पाहिजे, म्हणाले. त्यावरून पेटारा वीस इंचांचा ठरला.

मधल्या खणाला अब्बांचे शटर लावले. खण कमी उंच होता, पट्ट्या तीन इंच कापाव्या लागल्या. अम्मी खुर्ची घेऊन शेजारी बसली. चाचांनी करवत माझ्या हातात दिली. पहिली पट्टी कापली तेव्हा आतला सागवान सोनेरी निघाला, आणि त्याचा वास, तो दुकानातल्या प्लायला कधीच येत नाही. अम्मीने खाली पडलेला भुसा ओच्यात घेतला. काय करणार विचारले तर म्हणाली, ‘‘काही नाही.’’

जुने कापड कुजले होते. नवीन जाड कापडावर पट्ट्या पुन्हा चिकटवल्या. खाच कापताना मी घट्ट ठेवत होतो, तर चाचा ओरडले, ‘‘दोन सूत सोड! पावसाळ्यात लाकूड फुगतं.’’

शटर उघडे असले की सेट-टॉप बॉक्सला वारा लागतो आणि रिमोट चालतो. अम्मीचे मनगट आता ठीक आहे, पण जोर नाही. तरी शटर तीच ओढते, अजान झाली की, डाव्या हाताने. मग पोरांना चॅनेल बदलता येत नाही. पहिल्या दिवशी ती चिडली, आता ती स्वतःच आधी आवाज बंद करतात.

सात तारांपैकी बेवारस तार फेकून दिली. सहा आत आहेत. एक बाहेर उरली आहे, ती अम्मीच्या मोबाइलच्या चार्जरची. तिला फोन दिवाणावर हाताशी लागतो, मुंबईहून माझ्या बहिणीचा कॉल येतो म्हणून. त्या तारेसाठी मी भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर एक हूक मारला आहे. रात्री झोपण्याआधी ती तिच्यावर अडकवली की नाही, ते मी जाऊन बघतो.