पहिला प्रश्न

रात्रपाळीचा ऑपरेटर सीएनसी मशीनवरून उठून सुपरवायझरकडे येतो आणि सांगतो, ‘साहेब, बोअर ओव्हरसाइज निघालाय.’ त्यावर साहेब पहिलं काय विचारतात, यावर पुढचं बरंच काही ठरतं. ‘कोणी केलं?’ असं विचारलं, तर पुढच्या खेपेला तसाच जॉब गुपचूप चांगल्या मालाच्या ट्रेमध्ये जातो. ‘शेवटचा ओके जॉब कोणता? मधले किती पुढे गेले?’ असं विचारलं, तर माल वेळेत अडवता येतो. टूल झिजलंय की ऑफसेट चुकलाय, हे ऑपरेटर स्वतःहून सांगतो.

साहेबांच्या वागण्यानं किती फरक पडतो, याचं एक उदाहरण. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये जनरल मोटर्सचा कारखाना होता. रोज पाचांतला एक कामगार गैरहजर, तक्रारींचे ढीग, सततची भांडणं. १९८२ मध्ये त्याला टाळं लागलं. दोन वर्षांनी टोयोटाच्या भागीदारीत तो ‘नुमी’ या नावानं पुन्हा उघडला. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. बदलली ती वरच्यांची वागणूक. कँटीन सगळ्यांचं एकच. पार्किंगमध्ये साहेबांसाठी राखीव जागा नाहीत. लाइनवर कामगाराच्या हाताशी एक दोरी आली. काही चुकलं की ती ओढायची. दिवा लागायचा, टीम लीडर धावत यायचा, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तर लाइन थांबायची. पूर्वी लाइन थांबवणं म्हणजे नोकरीवर बेतणं. आता दोरी ओढणाऱ्याला मदत मिळू लागली. गैरहजेरी झपाट्यानं उतरली.

खरी कसोटी लागली १९८८ च्या सुमारास. गाड्यांची मागणी घसरली, कारखान्याची बरीच क्षमता पडून राहिली. युनियनशी झालेल्या करारात लिहिलेलं होतं : कंपनीच्या अस्तित्वावर आल्याशिवाय कपात नाही, आणि त्याआधी वरिष्ठांचे पगार कमी होतील. कंपनीनं शब्द पाळला. एकालाही घरी बसवलं नाही. रिकाम्या हातांना प्रशिक्षण दिलं, लाइन सुधारण्याच्या कामाला लावलं.

भोसरी-चाकणच्या मॅनेजरच्या हातात एवढा मोठा करार नसतो. पण ओव्हरटाइम बंद होणार, हे त्याला आधी कळतं, आणि ऑपरेटरनं घराचा हप्ता त्याच पैशांवर धरलेला असतो. ही बातमी नोटीस बोर्डावर लागण्याआधी त्यानं स्वतः सांगायला हवी. नक्की ठरलं नसेल, तर ‘अजून ठरलं नाही, शुक्रवारी सांगतो’ एवढंच म्हणावं. आणि शुक्रवारीही काही ठरलं नसेल, तरी पाळी बदलताना शॉपवर जाऊन तसं सांगावं.