धर्माचा रकाना

२०११च्या जनगणनेला बारामतीतल्या आमच्या घरी प्रगणक म्हणून शाळेतल्या बाई आल्या. कुटुंबाचा प्रश्न सोपा होता: एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. इंदापूरला वेगळी चूल मांडलेला धाकटा भाऊ त्यात बसला नाही. धर्माशी आल्यावर म्हणालो, "नास्तिक लिहा."

"अहो, पण तुकोबांच्या पालखीत वारकऱ्यांना पाणी तर तुम्हीच देता!"

देतो. तहान दिसते, देव असल्याचा पुरावा मात्र मला मिळालेला नाही. माझा नास्तिकपणा एवढाच.

फॉर्मवर सहा धर्मांना आकडे होते. बाकीच्यांचं नाव प्रगणकाने लिहायचं. त्या वर्षी देशात नास्तिक नोंदले गेले जेमतेम ३३ हजार. पुढच्या खेपेला प्रगणक दारात आले, की जे मानता तेच सांगा. सांगाल ते लिहिणं त्यांचं काम आहे.